कूपर, कुलकर्णी आणि झेरॉक्सवाले पाटील

आमच्या शिवारात कूपर हे आडनाव नव्हतं, इंजिन होतं. 'कूपर चालू झालं का', 'कूपरला डिझेल घाला', 'कूपर आज रुसलंय' अशी त्याची विचारपूस घरातल्या म्हाताऱ्या माणसापेक्षा जास्त व्हायची. विहिरीच्या काठावर बसून ते काळा धूर सोडायचं आणि ठकठक करायचं. जाणती माणसं बांधावर उभी राहून नुसत्या आवाजावरून सांगायची, की हे आपलं कूपर नव्हे, वरच्या मळ्यातलं आहे. सातारा म्हटलं की बाकी महाराष्ट्राला कंदी पेढे आठवतात. शिरोळ तालुक्यातल्या जुन्या शेतकऱ्याला इंजिन आठवतं, कारण ते तिथल्या कारखान्यातून यायचं.

त्या कारखान्यामागं धनजीशा कूपर नावाचे साताऱ्याचे पारशी गृहस्थ होते. नांगर आणि इंजिनं काढून ते थांबले नाहीत. 1937 साली प्रांतिक निवडणुका झाल्या, काँग्रेस जिंकली, पण मंत्रिमंडळ बनवायला आधी तयार होईना. तेव्हा मुंबई प्रांतात जे तात्पुरतं सरकार आलं, त्याचे पंतप्रधान हे धनजीशा. प्रांताच्या मुख्य मंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत. एप्रिलमध्ये गादीवर बसले, जुलैमध्ये उतरले आणि बाळासाहेब खेर आले.

आता गंमत अशी, की इंग्रजीत कूपर म्हणजे पिंपं बांधणारा. लाकडाच्या फळ्या वाफेवर वाकवायच्या, एकीला एक जोडायच्या, वरून लोखंडी कड्या ठोकायच्या आणि आत भरलेली दारू किंवा खारवलेले मासे गळणार नाहीत असं पिंप तयार करायचं, हा त्याचा धंदा. प्लास्टिकचं निळं बॅरल आलं नव्हतं तोवर या माणसावाचून जगाचं अडत होतं. आज पिंपवाल्याच्या नावानं मुंबईत विलेपार्ल्याला महापालिकेचं मोठं रुग्णालय आहे. विलायतेत पिंपवाल्याच्या नावाची चिमुकली मोटार आहे. हॉलिवूडच्या जुन्या चित्रपटांत पिंपवाला गॅरी घोड्यावर बसून गुंडांना गोळ्या घालतो. एका पिंपवाल्यानं मुंबई प्रांताचा कारभार हाकला, आमच्या विहिरीचं पाणी उपसलं. एवढ्या सगळ्या कूपरांत पिंप बांधता येणारा एकही नाही.

इंग्लंडात हा घोटाळा तेराव्या-चौदाव्या शतकात पक्का झाला. तिथल्या खेड्यात पुरुषांना नावं ठेवायची म्हणजे जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, थॉमस, आणि मग पुन्हा जॉन. गावात जॉन अशी हाक मारली तर निम्मा गाव वळून बघणार. गावकऱ्यांचं त्यावाचून अडत नव्हतं. कोणता जॉन ते त्यांना आवाजावरूनच कळायचं, आम्हाला कूपर कळायचं तसं. अडलं ते सरकारचं. राजाला युद्धासाठी पैसा हवा होता, 1377 पासून त्यानं चार-पाच वर्षांत तीनदा डोईपट्टी बसवली, आणि डोईपट्टी म्हटलं की डोई कुणाची ते वहीत लिहावं लागतं. मग कारकुनानं विचारलं असणार, हा जॉन करतो काय? लोखंड ठोकतो? लिहा, स्मिथ. कपडे शिवतो? टेलर. भाकऱ्या भाजतो? बेकर. असे प्रत्येकाला धंदे चिकटले आणि बापाचा धंदा पोराच्या नावामागं जायला लागला. पोरगा लोखंड ठोको नाहीतर झोपा काढो.

या डोईपट्टीविरुद्ध 1381 साली शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं. त्याचा म्होरक्या वॉट टायलर. टायलर म्हणजे घरावर कौलं घालणारा. पुढं सहाशे वर्षांनी विलायतेत पुन्हा डोईपट्टीची हौस आली, 1990 साली लंडनच्या रस्त्यावर दंगल झाली, आणि त्याच वर्षाखेरीला बाईंना पंतप्रधानपद सोडावं लागलं. बाईंचं आडनाव थॅचर, म्हणजे गवतानं घर शाकारणारा. कौलं घालणारा डोईपट्टीविरुद्ध उठला आणि शाकारणारी डोईपट्टीपायी गेली. इंग्रजांनी छपराच्या धंद्यातल्या माणसांना या कराच्या जवळ येऊ देऊ नये.

आमच्या जयसिंगपुरात दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊस परिषद भरते. उसाला दर किती पाहिजे ते तिथं ठरतं आणि कारखानदार टीव्हीसमोर बसून ऐकतात. तिचे पुढारी राजू शेट्टी. शेट्टी हा शब्द श्रेष्ठीवरनं आला, म्हणजे पेठेतला बडा व्यापारी. व्यापाऱ्याच्या आडनावाचा माणूस शेतकऱ्याचा भाव मागतो यात आमच्या भागात कुणाला काही वावगं वाटत नाही. 'शेतकरी' आडनावाचा माणूस मला तरी आमच्या तालुक्यात भेटलेला नाही. सगळेच शेती करत असताना एकाला शेतकरी म्हणून ओळखायचं कसं? आडनाव द्यायला गावात तो धंदा करणारा एखादाच लागतो. इंग्लंडात स्मिथ इतके बोकाळले त्याचंही कारण हेच सांगतात. प्रत्येक गावात लोहार एक, म्हणून त्याची ओळख पक्की. आमच्याकडं प्रत्येक गावात पाटील एक होता.

पण पाटलांकडं वळायच्या आधी वॉकरचा निकाल लावू. वॉकर म्हणजे चालणारा, इथपर्यंत आठवीतलं पोरगंही सांगेल. पण कुठं चालणारा? तर कापडावर. लोकरीचं कापड विणून झालं की ते दाट आणि मऊ व्हावं म्हणून पाण्याच्या हौदात टाकून तासन् तास पायानं तुडवत. तेलकटपणा जावा म्हणून त्यात शिळं मूत्र घालत. गावोगाव ते गोळा करणारे लोक असत. हौदात उतरून दिवसभर तुडवणारा तो वॉकर. उत्तरेकडं त्याला वॉकर म्हणायचे, दक्षिणेकडं फुलर, नैर्ऋत्येला टकर. वास तिन्ही ठिकाणी एकच. पुढं स्कॉटलंडमध्ये जॉन वॉकर नावाच्या किराणा दुकानदारानं दारू विकायला सुरुवात केली, ती इतकी चालली की बाटलीवर टोपीवाला माणूस ऐटीत चालताना दाखवू लागले. त्याच्या खापरपणजोबाचे पाय कशात होते ते बाटलीवर छापलेलं नाही. आमच्या हॉटेलवाल्यांना सांगून बघा, ऑर्डर कमी होत नाही.

आणि मग मुंबईत बेस्टच्या बसमध्ये तिकिटं फाडता फाडता लोकांना हसवणारा एक कंडक्टर होता, बद्रुद्दीन काझी. गुरुदत्तनं त्याला चित्रपटात घेतलं, दारुड्याची नक्कल बघून खूश झाला आणि त्या बाटलीवरनं नाव ठेवलं जॉनी वॉकर. काझी म्हणजे न्यायाधीश. म्हणजे न्यायासनावरचं आडनाव सोडून माणूस मुतातलं कापड तुडवायला गेला, तेही न पिता, कारण जॉनीभाई स्वतः दारूला शिवत नसत असं सगळेच सांगतात. त्याचं त्याला काही वाटलं नाही आणि आम्हाला तर वॉकरच बरा वाटला. काझींच्या विनोदाला कोण हसलं असतं?

मार्शलचा प्रवास याच्या उलट दिशेनं झाला. जुन्या जर्मन बोलीत मराह म्हणजे घोडा आणि स्काल्क म्हणजे चाकर. घोड्याला खरारा करणारा, लीद काढणारा. पण राजाचा घोडा सांभाळणारा माणूस राजाच्या कानाजवळ असतो. तो आधी पागेचा मुख्य झाला, मग सैन्याचा, मग फील्ड मार्शल. आडनावानं तो वेस्ट इंडीजला पोचला आणि माल्कमच्या रूपानं आपल्या फलंदाजांच्या बरगड्या मोजू लागला. महिंद्रानं एका जीपला त्याचं नाव दिलं. दहा माणसांची जीप, पण आमच्याकडं तिच्यात अमावस्येला पंधराजण नरसोबाच्या वाडीला जात, वरनं नारळाचं पोतं. शिवाय विधानसभेत मार्शल असतात. आमदार आवरेनासा झाला की अध्यक्ष त्यांना बोलावतात आणि ते त्याला उचलून बाहेर ठेवतात. उधळलेलं जनावर सांभाळायचा पिढीजात अनुभव इथं कामाला आला, असं म्हणायला जागा आहे.

इंग्रजी आडनावं आपल्याकडं फक्त बाटलीतून आणि जीपमधून आली असं नाही. मुंबईत पारशी, बोहरी, भाटिया मंडळींनी इंग्रज साहेबाला कळेल असा धंदा सरळ नावापुढं लावला. त्यातून इंजिनिअर आले, डॉक्टर आले, कॉन्ट्रॅक्टर आले, मर्चंट आले. विजय मर्चंट यांचं घराणं ठाकरसी. गोष्ट अशी सांगतात, की शाळेत इंग्रज मुख्याध्यापकांनी नाव आणि वडिलांचा व्यवसाय विचारला. पोरानं नाव सांगितलं, व्यवसाय व्यापार सांगितला, आणि साहेबांनी दोन्ही जोडून हजेरीत लिहिलं, विजय मर्चंट. चौदाव्या शतकातल्या कारकुनाचा नातू कुठंतरी मुंबईत मास्तर झाला होता म्हणायचं. त्या काळी हजेरीपटावर साहेबानं लिहिलेलं नाव दुरुस्त करून घेण्यापेक्षा आयुष्यभर तेच लावणं सोपं असावं. फारूख इंजिनिअर यांचे वडील तर पेशानं डॉक्टर होते. दारावर काय पाटी असेल याचा मी पुष्कळ विचार केला. डॉक्टर इंजिनिअर. आजचे आईबाप मुलाला ज्या दोन गोष्टींसाठी कोटा-लातूरला पाठवतात त्या दोन्ही या घरात बिनाक्लासच्या होत्या.

आपल्या संतांनीही नावापुढं धंदा लावला. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. काळ जवळपास तोच, तेराव्या-चौदाव्या शतकाचा. फरक इतकाच, की इंग्लंडात नावं करवसुलीसाठी लागली आणि इथं ती पंढरपूरच्या वाळवंटात लागली, जिथं वसुलीचं काम विठोबानं अंगावर घेतलं नव्हतं. आणि कोकणात बेने इस्रायली लोक तेलाचे घाणे चालवायचे. ते शनिवारी सुट्टी घेतात म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. धंदा आणि साप्ताहिक सुट्टी दोन्ही नावात. दुकानावर वेगळी पाटी लावायची गरज नाही.

आता पाटील. आमच्या भागात आडनावांचा खरा कारखाना वतनाचा. गावाचा पाटील, त्याचा हिशेब लिहिणारा कुलकर्णी, त्याच्या हाताखालचा चौगुला, परगण्याचे देशमुख-देशपांडे, आमच्या कानडी वाऱ्याच्या बाजूचे देसाई आणि नाडगौडा. दरबारात लिहिणाऱ्यांची तर पलटणच होती. फारसीत नवीस म्हणजे लिहिणारा. त्याचा आपण घासून नीस केला. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फर्द म्हणजे याद्या लिहिणारा फडणीस, फारसी लिहिणारा पारसनीस, खजिन्याचा पोतनीस. मराठी राज्यात तलवारी किती होत्या याची चर्चा फार होते, बोरू किती होते ते या आडनावांवरून कळतं. सगळ्यांत प्रसिद्ध नाना फडणवीस, त्यांचं मूळ आडनाव भानू. कचेरीतली खुर्ची इतकी चिकटली की सूर्य मावळला.

महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांची यादी एकदा या नजरेनं बघा. नाईक झाले, दोनदोन. पाटील झाले, ते तर आमच्या शेजारच्या सांगलीचे वसंतदादा. जोशी झाले, देशमुख झाले, फडणवीस झाले. त्याआधीच्या मुंबई राज्यात देसाई होऊन गेले. म्हणजे अख्खं वतनदार मंडळ एकामागोमाग एक त्या खुर्चीवर बसून गेलं, आणि त्या रांगेच्या तोंडाशी पिंपवाले कूपर. राहिले फक्त कुलकर्णी. त्यांचा नंबर अजून लागला नाही. मागच्यांचे हिशेब तपासून झाल्याशिवाय कुलकर्णी खुर्चीवर बसत नसावेत.

कुलकर्ण्यांशी कोल्हापूरचं नातं जरा नाजूकच. 1918 साली शाहू महाराजांनी संस्थानातली कुलकर्णी वतनं बंद केली आणि त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमले. दप्तर गेलं, वतन गेलं, आडनाव राहिलं. पुढं 1962 च्या कायद्यानं महसुली पाटीलकीही संपली. पण पाटीलकी संपली म्हणून पाटील संपले असं होत नाही. उलट ते वाढले. कारण वतन असताना भाऊबंद पाळीपाळीनं पाटीलकी करत, एका वर्षी एका घराचा मान. वतन गेल्यावर सगळे एकदम पाटील झाले, कायमचे. आता गावात पोलीस पाटील म्हणून जे पद उरलंय ते 1967 च्या कायद्यानं अर्ज मागवून भरतात. त्यामुळं एखाद्या गावचे पोलीस पाटील कुलकर्णी असतात, एखाद्या गावचे मुल्ला, आणि त्या गावातले चाळीस पाटील त्यांच्याकडं दाखल्यासाठी चकरा मारतात.

आडनाव सोडून दुसरं घेणं आपल्याकडं दुर्मीळ नव्हतं. जयसिंगपूरपासून इचलकरंजी हाकेच्या अंतरावर. त्या जहागिरीचे मूळ पुरुष नारो महादेव जोशी. सेनापती संताजी घोरपड्यांच्या पदरी वाढले, कृतज्ञतेनं त्यांचं आडनाव घेतलं आणि जोशीबुवांचे घोरपडे झाले. पंचांग ठेवून घोरपड हातात घेतली. मुहूर्त बघूनच घेतली असणार, कारण पुढं पेशव्यांची मुलगी सून म्हणून घरात आली. एरवी धंद्याचं आडनाव सोडून सरपटणाऱ्या प्राण्याचं आडनाव लावायला माणूस सहज तयार होत नाही.

आमच्या पेठेतली मुसलमान आडनावं वाचायला लागलं तर जुना बाजार डोळ्यांपुढं उभा राहतो. अत्तार, तांबोळी, बागवान, मणेर, शिकलगार, नदाफ, पिंजारी, मुजावर. नदाफ हा अरबी शब्द, अर्थ कापूस पिंजणारा. पिंजारी म्हणजेही तेच. एकाच धंद्याला दोन आडनावं, वॉकर-फुलरसारखी. एकानं अरबी घेतलं, एकानं घरचं. थंडीच्या तोंडावर खांद्यावर मोठी कमान घेऊन पिंजारी गल्लीत यायचा, तातीवर मोगरी मारली की टंयं असा आवाज निघायचा आणि अंगणात कापसाचा ढग जमायचा. फोमच्या गाद्यांनी तो आवाज गिळला. शिकलगारांचं त्याआधीच झालं होतं. ते तलवारींना पाणी देणारे, धार लावणारे. 1878 साली इंग्रजांनी शस्त्रांचा कायदा केला, तलवारी भिंतीवर गेल्या आणि दसऱ्यालाच उतरायला लागल्या. मग शिकलगार विळ्या-कात्र्यांवर आले. बागवानांनी मात्र फळं सोडली नाहीत. शिरोळ-मिरज पट्ट्यात केळी घ्यायला गेलात तर आजही पावतीवर बागवान दिसण्याची शक्यता बरीच आहे. आडनावाशी इमान राखणारी अशी घराणी थोडी. एरवी आमच्याकडं लोहार ब्यूटी पार्लर काढतात, तेली वजन कमी करायचे वर्ग घेतात, कुंभार दातांचे डॉक्टर असतात, आणि कोळ्यांना बोट दाखवली तर त्या कुठं भाड्यानं मिळतात असं विचारतात.

इथवर विनोद चालतो. पुढं एक अडचण आहे. विलायतेत मिस्टर स्मिथ बँकेत गेले तर त्यांना कुणी विचारत नाही की तुमच्या घरात ऐरण आहे का. तिथला धंदा आडनावात विरघळला. आपल्याकडं धंदा आडनावातून थेट जातीत उतरतो, आणि मग माणूस कलेक्टर झाला तरी पाव्हणे मंडळी आडनावावरनं अंदाज बांधत बसतात. आडनाव मोघम निघालं, गावावरचं निघालं, की मंडळी अस्वस्थ होतात. 'पवार म्हणजे कुठले पवार?' या प्रश्नात भूगोल विचारलेला नसतो.

शाहू महाराजांना हे पक्कं माहीत होतं. कुस्ती हा त्यांच्या जिवाचा विषय. अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या पैलवानांशी बाकीचे लढायला तयार होईनात, तेव्हा महाराजांनी कीर्तन करायच्या ऐवजी नावंच बदलली. त्यांच्या तालमीतले हे पैलवान 'सरदार', 'पंडित', 'जाठ' अशा नावांनी आखाड्यात उतरू लागले. आता समोर सरदार उभा राहिल्यावर कुणाची नाही म्हणायची टाप? आणि पंडितानं चितपट केलं तर तक्रार कोणाकडं करायची? नावातच सगळी खोड आहे ना, मग नावावरच औषध, असा हा कोल्हापुरी उपाय. ते स्वतः जन्मानं कागलचे घाटगे, दत्तक येऊन भोसले झालेले. नाव बदललं की माणसाचं नशीब किती बदलतं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

जयसिंगपूर त्यांनीच वसवलं, रेल्वेच्या कडेला, आखून-रेखून, व्यापारासाठी, आणि वडिलांचं, जयसिंगरावांचं, नाव दिलं. जुन्या गावांत गल्ल्यांना धंद्यांची नावं असतात. कोल्हापुरात कुंभार गल्ली आहे, बुरुड गल्ली आहे. पुण्यात तांबट आळी आहे. जयसिंगपुरात गल्ल्यांना आकडे आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, असं पुढं मोजत जायचं. इथं कुठल्याही गल्लीत कुठलाही माणूस राहू शकतो, नंबरला जात नसते. परक्या माणसाला वाटतं, वा, काय सोय, न्यूयॉर्कसारखं. मग तो स्टँडवर उतरून पाटलांचा पत्ता विचारतो.

"कुठलं पाटील म्हणायचं?"

"सातव्या गल्लीतले."

"सातव्यात लई हायत. करत्यात काय ते?"

चौदाव्या शतकातल्या कारकुनाचा प्रश्न जसाच्या तसा. आणि इथंच आमच्या गावात इतिहास पुन्हा पहिल्यापासून सुरू झालाय. आडनावातला धंदा मेला, एकाच आडनावाचे ढीगभर झाले, म्हणून त्याला नवा धंदा जोडायचा. झेरॉक्सवाले पाटील, बोअरवाले पाटील, गॅसवाले पाटील, मंडपवाले पाटील, एलआयसी पाटील. चौगुल्यांत दूधवाले आणि गॅरेजवाले. मगदुमांत ट्रॅक्टरवाले आणि क्लासवाले. माझा फोन उघडला तर डोईपट्टीची वही वाटावी: पाटील वायरमन, पाटील वायरमन नवा, पाटील टाकी साफ, पाटील झेरॉक्स, पाटील झेरॉक्स जुने, पाटील उसना (उचलू नये). आडनाव आधी, धंदा नंतर, शेवटी शेरा. इंग्लंडच्या राजानं एवढी सोय बघितली असती तर बंड झालं नसतं.

यातली काही नावं आता पुढच्या पिढीत उतरायला लागलीत. ओळख म्हणून लावलेला धंदा पोरांकडं जातो तेव्हा आडनाव तयार झालं असं समजायचं, आणि ते आमच्या डोळ्यांदेखत होतंय. पिठाची गिरणी विकून लोक मोकळे झाले तरी ते गिरणीवालेच. त्यांची मुलगी डॉक्टर झाली तर गिरणीवाल्यांची डॉक्टर. सायकली भाड्यानं देणाऱ्याचा नातू आज मोटारींच्या शोरूममध्ये व्यवस्थापक आहे, लोक त्याच्याकडं सायकलवाल्यांचा नातू म्हणून सवलत मागतात. मोबाईल दुकानवाल्यांचं पुढं काय होणार, रिचार्जवाले पाटील शंभर वर्षांनी स्वतःला कशाचं सरदार घराणं म्हणवतील, पुढच्या संशोधकांची यात चांगली सोय झालेली आहे. रिचार्ज म्हणजे काहीतरी गडाची रसद असावी, असा एक मतप्रवाह नक्की निघेल.

या कारखान्याचा शिक्का मारण्याचं खातं म्हणजे लग्नपत्रिका. 'आपले नम्र' च्या खाली पाटील छापलं की कंस पडतो, आणि कंसात जे छापलं जातं ते खरं आडनाव. परवा एका छापखान्यात कामासाठी बसलो होतो, तिथं असंच एक पाटील कुटुंब आलेलं. आजोबा, वडील आणि पुण्याहून आलेला नवरदेव. सगळा मजकूर झाला, कुलदैवत झालं, मामांची नावं झाली, मग छापखानेवाल्यांनी पेन वर करून विचारलं,

"कंसात काय घालू, आबा?"

"झेरॉक्सवाले," आबा म्हणाले.

"आबा, मशीन कधीच भंगारात घातलंय," नवरदेव म्हणाला. "आता कशाला ते?"

"मग तू काय करतोस ते घालूया की. काय करतोस बाळ तू?"

"क्लाउडचं काम आहे माझं."

"म्हणजे?"

"म्हणजे... ढग. पण तसे ढग नव्हेत."

छापखानेवाल्यांनी पेन टेकवलं होतं, ते उचललं. "ढगवाले पाटील?" ते स्वतःशीच एकदा म्हणून बघत होते. "आबा, मुलीकडची माणसं कुठली?"

"गडहिंग्लजची."

"मग नको. त्यांना वाटंल हवामान खात्यातलं हायत."

वडील इतका वेळ गप्प होते. ते आयुष्यभर शिक्षक, त्यांनी हळूच सुचवलं, "गुरुजी घालायचं का?" त्यावर आबांनी आणि नवरदेवानं, पहिल्यांदाच एकमतानं, नाही म्हटलं. शेवटी झेरॉक्सवालेच ठरलं. पाचशे प्रती, पिवळा कागद, गणपती उजव्या सोंडेचा नको.

उठता उठता आबा म्हणाले, "एवढ्या मजकुराची एक झेरॉक्स काढून द्या, घरात आजीला दाखवतो."

"झेरॉक्स आता कुठं आबा," छापखानेवाले म्हणाले, "फोटो काढतो, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. नंबर सांगा."

आबांनी नंबर सांगितला. छापखानेवाल्यांनी तो फोनमध्ये घेतला, नाव टाकायला लागले आणि थांबले. "'पाटील झेरॉक्स' माझ्याकडं आधीच तीन हायत," ते म्हणाले. "तुम्हाला 'पाटील झेरॉक्स बंद' करू का?"